पंच्याऐंशी मिलिसेकंद

१९७१ साल अजून उजाडायचं आहे. तुम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत बसला आहात. वय हायस्कुलातलं. समोर पडदा, दोन्ही तर्जनींखाली एकेक कळ.

पडद्यावर एकाखाली एक अशा दोन अक्षरमाला उमटतात. दोन्ही खरे इंग्रजी शब्द असतील तर 'हो'ची कळ दाबायची, एक जरी बनावट असेल तर 'नाही'ची. बनावट शब्द मोठे फसवे आहेत. 'मार्क'चं शेवटचं अक्षर बदललं की 'मार्ब': वाचता येतो, पण अर्थ शून्य. तेव्हा नुसती नजर फिरवून भागत नाही, मनातला शब्दसाठा धुंडाळावाच लागतो.

ब्रेड, डॉक्टर. हो.

नर्स, बटर. हो.

ब्रेड, बटर. हो! या वेळी बोट लवकर खाली गेलं, पण तुमच्या ते ध्यानातही आलं नाही. येणार तरी कसं? असंबद्ध जोडीला सरासरी ९४० मिलिसेकंद लागतात, नात्यातल्या जोडीला ८५५. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी.

मला यातली अदलाबदल फार सुंदर वाटते. शब्द तेच, फक्त जोडीदार बदलले. त्यामुळे एखादा शब्द आखूड होता किंवा जास्त ओळखीचा होता, असं म्हणायला जागाच उरत नाही. शिवाय अर्थ तुम्हाला कुणी विचारलेलाच नव्हता. तरी तो मध्ये आला आणि तुमचं काम हलकं करून गेला.

हा प्रयोग करणारे डेव्हिड मेयर आणि रॉजर श्वानेवेल्ट यांच्यापुढे आता दोन शक्यता आहेत. एक, 'ब्रेड' जागा झाला की ती जाग शेजारच्या शब्दांत पसरते आणि 'बटर' अर्धा उठूनच बसतो. दुसरी त्या काळच्या संगणकासारखी: मन एका वेळी एकाच जागचं वाचतं, आणि चुंबकीय फितीवर जवळची नोंद लवकर सापडते तसं जवळच्या अर्थापाशी लवकर पोचतं.

निवाडा करायला पुढच्या प्रयोगात दोन नातलगांच्या मध्ये एक परका शब्द घातला जातो. मन फितीसारखं सरकत असेल, तर परक्यापाशी जाऊन आल्यावर 'बटर'चा फायदा बुडायला हवा. तो बुडत नाही. 'ब्रेड'ने दिलेली जाग परक्या शब्दाला ओलांडूनही टिकलेली असते.