गळाच्या काठीचे कूळ

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, तेव्हा गुलालाच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट नजरेआड होते. ती काठी वाकते, पण मोडत नाही. तीस फुटांहून उंच कळक, खाली तो पेलणारा गडी, चहूबाजूंनी दोरांच्या तोरण्या ताणून धरणारे गावकरी. निनाम पाडळीच्या मानाच्या काठीपासून सगळ्या काठ्यांचा खेळ चालतो तो बांबूच्या अंगच्या लवचिकपणावर. याच गुणावर दूर अमेरिकेत मासे धरण्याचा एक नाद पोसला गेला आणि त्यावर चित्रपटही निघाले. रॉबर्ट रेडफर्ड यांचा ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (1992) हा त्यांतला आवर्जून पाहावा असा. पिसांची बनावट माशी गळाला बांधून ट्राउट पकडण्याचा हा छंद आपण ‘साहेबाचा खेळ’ म्हणून बाजूला सारतो. पण साहेबाच्या हातातल्या त्या काठीचे कूळ शोधत गेले, तर ते बऱ्याच अंशी आपल्या दाराशी येऊन थांबते.

आधी काठीचे काम समजून घेऊ. आपल्याकडे गरवताना शिशाचा तुकडा दोरीला पाण्यात ओढून नेतो. माशीला मात्र वजनच नसते, म्हणून ते दोरीत ठेवावे लागते. काठी मागे झुलवायची, दोरी पाठीमागे पुरती उलगडू द्यायची आणि मग पुढे लोटायची. वाकलेली काठी सरळ होताना दोरीला फेकते. चित्रपटात पाद्री बाप आपल्या दोन मुलांना हे चार मात्रांत शिकवतो, तेही लंबकाच्या टिकटिकीवर. फिलिप रूसेलो यांना या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळाले. उन्हात चमकत हवेत उलगडणारी दोरी पाहिली की त्याचे नवल वाटत नाही. आता असा झोल अख्ख्या कळकाला जमत नाही, तो जाड आणि जड पडतो. बांबूचे बळ सालीलगतच्या धाग्यांत असते, आतला गर मऊ. म्हणून कारागिरांनी बांबू चिरला, गर तासून टाकला आणि त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना सरसाने चिकटवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप यांनी अशा काठ्या केल्या. ते बंदुका आणि व्हायोलिने बनवत. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्ड यांनी सहा पट्ट्यांची काठी नावारूपाला आणली. या सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू बाजारात ज्या नावाने विकला जाई, ते नावच बोलके आहे: ‘कलकत्ता केन’. हिंदुस्थानातून जहाजांनी जाणारा हा भरीव बांबू म्हणजे विदर्भात ज्याला मानवेल म्हणतात त्याच जातीचा, असे सामान्यतः मानले जाते.

यावर कोणी म्हणेल, माल आपला असेल, कसब तर त्यांचेच. कबूल. शिवाय विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने कलकत्त्याच्या बांबूला मागे सारले, आणि चित्रपटाची कथा त्याच शतकातली आहे. पण काठीचा साचा ठरला तो आधीच्या बांबूवर. टोंकिन त्या साच्यात आयता येऊन बसला. 1950 नंतर अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तेव्हा काचतंतूच्या काठ्यांनी जागा घेतली, आणि त्याही बांबूसारख्या वाकाव्यात हीच कारागिरांची धडपड होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे मासेमारी म्हणजे कोळी-भोयांचे पोट, ती हौस कधी होती? याला उत्तर दख्खनच्याच एका ग्रंथात आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकांना हा ग्रंथ माहीत असतो तो त्यातल्या जुन्या मराठी पद्यओळींमुळे. पण त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या पस्तीसेक जाती, कोण कुठे राहतो, कोणाला काय चारून वळवायचे, मग गळ कसा टाकायचा, हे सारे राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्यावर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणले. इंग्रजीतले गळाच्या शिकारीवरचे पहिले छापील पुस्तक 1496चे. त्यात बारा बनावट माश्या सांगितल्या आहेत, पण काठी हेझल-विलोच्या लाकडाची आहे.

अर्थात, ‘सगळे आमच्याकडे आधीच होते’ या पंथाला यातून खाद्य मिळू नये. मानसोल्लासातले आमिष खाण्याचे आहे, पिसांचे नाही. माशीचा मान मॅसिडोनियाचा: इसवी सन 200च्या आसपास रोमन लेखक ईलियन याने तिथल्या कोळ्यांची लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधलेली माशी वर्णिली आहे. सोमेश्वराचे प्रकरण वाचून पेनसिल्व्हेनियात कोणी बांबू चिरला नाही, आणि सासनकाठीचा गळाशी काही संबंध नाही. म्हणजे हे एका बापाचे कूळ नव्हे, तीन गावच्या सोयरिकीचे आहे. माशी मॅसिडोनियाची, चिरण्याचे कसब अमेरिकेचे, बांबू आपला. आणि गळाची शिकार ही मौज म्हणून लिहून ठेवण्यात दख्खन इंग्रजीच्या साडेतीनशे वर्षे पुढे. एवढा हक्क पुरावा देतो, तेवढाच सांगावा.

तेव्हा हा चित्रपट लावाल तर त्यातल्या ब्रॅड पिटच्या चेहऱ्यावरून थोडी नजर काढा आणि काठीचा शेंडा किती वाकतो ते बघा. पुढच्या चैत्रात डोंगरावर जाल, तेव्हा तिथेही वर बघा.