कांद्याचा पैसा आणि घरचा हिशेब

लासलगावची बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. कांद्याच्या या मोठ्या बाजारपेठेवर निफाड, येवला, चांदवड परिसरातील असंख्य कुटुंबांचे घर चालते. नोकरदाराप्रमाणे दरमहा ठरलेली रक्कम मात्र त्यांच्या हाती पडत नाही.

चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा म्हणजे हाती आलेले उत्पन्न, असे गृहीत धरून लग्नकार्य किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणे, ही येथील सर्वांत महागात पडणारी चूक होय. साठवणुकीत वजन घटते, कोंब फुटतात, सड लागते. भाव तर शेतकऱ्याच्या हाती नाहीच. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्यास ७५० किलो कांद्याचे अवघे १,०६४ रुपये मिळाले होते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी जाहीर होताच भाव कोसळले. त्यामुळे हप्त्याचा हिशेब आजच्या भावाने नव्हे, तर गेल्या काही वर्षांतील नीचांकी भावाने मांडणे शहाणपणाचे.

हिशेबपट्टी हाती येताच पुढील हंगामाच्या बियाणे, खते व मजुरीची रक्कम बाजूला काढावी. पीककर्ज मुदतीत फेडल्यासच व्याजसवलतीचा पूर्ण लाभ मिळतो.

उरलेली रक्कम जादा व्याजाच्या आशेने पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. बँकेतील ठेवींना व्याजासह प्रतिठेवीदार ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही.