फुस्तातमधला बभ्रा

सन 1055च्या सुमारास तुम्ही फुस्तातच्या बाजारात उभे आहात. खलिफा अल-मुस्तन्सिर थोडं उत्तरेला, काहिरा या नव्या शहरात राहतो. पैसा मात्र इथं, नाईलच्या काठी खेळतो. घरांवर मजले इतके चढलेत की काही बोळांत भर दुपारीही दिवे लावावे लागतात. दुकानदार खोगीर घातलेल्या गाढवांवरून ये-जा करतात. मिरी, नीळ, लाख असा हिंदुस्थानातून आलेला माल ओळखीच्या वासानं तुम्हाला थांबवतो, पण आज तुम्हाला घाई आहे.

तुमच्या जवसाच्या वाखाच्या गासड्या सिसिलीला जायच्या आहेत. तुम्ही स्वतः जाणार नाही. तिथला एक ओळखीचा व्यापारी त्या विकेल आणि पैसे पाठवेल. बदल्यात त्याचं तेल आलं की इथं तुम्ही विकाल. आडत नाही, दलाली नाही. आता विचार करा: त्यानं कळवलं की भाव पडला, दोन गासड्या समुद्राच्या पाण्यानं भिजल्या, तर? हिवाळ्यात समुद्र बंद. पत्राला कित्येक आठवडे लागतात. साक्षीदार कुठून आणणार?

म्हणून संध्याकाळी तुम्ही नहराय बेन निस्सीमकडे जाऊन बसता. मूळचा कैरवानकडचा, ट्युनिशियातला हा ज्यू व्यापारी इथं चांगला रुळलाय. त्याच्याकडे पत्रांचा रतीब असतो. भाषा अरबी, लिपी हिब्रू, आणि कागद महाग म्हणून समासातही आडवं-तिडवं लिहिलेलं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. कुठलं जहाज पोचलं, वाखाला काय भाव मिळाला, कुणाकडे आजारपण आहे, कुणाचं लग्न ठरलं. आणि त्याच ओघात, आवाज जराही न बदलता, कोण कुणाचे पैसे अडकवून बसलाय.

आज नाव निघतं अबून बेन झेदाका याचं. जेरुसलेममधला प्रतिनिधी, इतरांचा माल विकून देणारा. आपल्यातल्याच एका व्यापाऱ्याचे पैसे त्यानं लाटले, असं म्हणतात. कुणी आरडाओरडा करत नाही, ठराव होत नाही. एक जण दाढी कुरवाळत एवढंच म्हणतो, "माझा माल त्याच्याकडे नाही, हे बरं झालं." तुम्हाला वाटतं, विषय संपला. संपलेला नाही. प्रत्येक जण घरी जाऊन पत्र लिहिणार आहे.

तुम्हीही बसता. बोरू उचलता आणि थबकता. खोटं निघालं तर? पत्राखाली नाव तुमचं आहे. उद्या लोक म्हणतील, हा काहीही ऐकतो आणि लिहितो. मग तुमच्या मालाबद्दलचा शब्द तरी कोण मानेल? तेव्हा तुम्ही जपून लिहिता: अमक्याकडून ऐकलं, खात्री करून घ्या. ही सगळी यंत्रणा त्या थबकण्यावर उभी आहे, असं मला वाटतं. कुजबुज करणाऱ्याचीही पत पणाला लागलेली असते. आपल्या मोबाइलवर आलेला निनावी मजकूर पुढे ढकलताना अंगठा थबकत नाही, कारण त्याची किंमत कुणी मोजत नाही.

सरकारी तऱ्हा वेगळी. नासिर खुसरो हा फारसी प्रवासी याच दशकांत इथं येऊन गेला. गिऱ्हाइकाशी खोटं बोलणाऱ्या दुकानदाराला उंटावर बसवून, हाती घंटा देऊन शहरभर फिरवतात आणि आपला गुन्हा त्यालाच ओरडून सांगायला लावतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. अशी धिंड वेशीपाशी थांबते. पत्र समुद्र ओलांडतं. सिसिलीतले व्यापारीसुद्धा अबूनशी व्यवहार बंद करतात. त्यानं कडवट सुरात लिहिलेलं गाऱ्हाणं आजही वाचायला मिळतं.

तुम्हाला गावकीनं वाळीत टाकणं आठवेल, ज्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016चा कायदा करावा लागला. साम्य वरवरचं आहे. इथं पंचांचा हुकूम नाही, रोटीबेटीचा प्रश्न नाही. जो तो आपली थैली सांभाळतो. शिवाय दोष ठरलेला आहे, म्हणून त्याची भरपाईही ठरवता येते. अबूननं तडजोड केली, पैसे भरून दिले आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले.

हे कळतं कसं? देवाचं नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या रूढीमुळे फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीत शतकानुशतकं कागद साठत गेले. सॉलोमन शेक्टर यांनी 1896-97च्या हिवाळ्यात त्यांतले लाखाहून अधिक तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत नहरायची शेकडो पत्रं आहेत. नहरायच्या पुढच्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूचीही आहेत. म्हणजे ही कुजबुज आपल्या किनाऱ्यापर्यंतही पोचत होती.

अर्थशास्त्रज्ञ अवनर ग्राइफ यांनी 1989मध्ये यावरून मांडलं की व्यापाऱ्यांचा हा आपसातला बोभाटाच लबाडीला लगाम घालत होता. जेरेमी एडवर्ड्स आणि शीलाग ओगिल्वी यांनी 2012मध्ये हरकत घेतली: हेच व्यापारी न्यायालयांतही जात होते. दोन्ही बाजूंचं खरं असावं. पण न्यायालयात जायचं ते पैसे बुडाल्यावर. नवा माल कुणाच्या हाती द्यायचा, हे फुस्तातचा व्यापारी पत्र वाचूनच ठरवत होता.