पानफुटीची वाटचाल

पानफुटी सहसा कुणी विकत आणत नाही. शेजारच्या वाडीत, मामाच्या गावी किंवा सोसायटीच्या एखाद्या कुंडीत ती दिसते, एक पान मागून घेतले जाते आणि पाहता पाहता घरी चार रोपे होतात. बी लागत नाही, फांदीही लागत नाही, नुसते पान पुरते. कोकणातल्या गडग्यांवर आणि देशावरच्या पडक्या वाड्यांच्या भिंतींवर ती इतकी रुळली आहे की इथलीच वाटावी. पण तिचे मूळ मादागास्करचे, आणि इथल्या वास्तव्याला झाली आहेत साधारण सव्वादोनशे वर्षे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मोलुक्का बेटांकडून ती कलकत्त्याजवळ हुगळीकाठच्या कंपनी सरकारच्या बागेत पोहोचली. या बागेचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग होता. लवंग, जायफळ, साग अशा पैसा देणाऱ्या झाडांची ने-आण हे तिथले मुख्य काम. पानफुटीपासून कंपनीला दमडी मिळणार नव्हती. तरीही ती बागेबाहेर पडली आणि कंपनीच्या लाडक्या झाडांहून दूरवर पसरली, कारण तिला न्यायला ना पेटारा लागत होता ना माळी.

पुढची गोष्ट दक्षिणेत घडली. बेंजामिन हाइन हा जर्मन माणूस मोरेव्हियन मिशनऱ्यांबरोबर तरंगमबाडीला आला आणि पुढे कंपनीच्या नोकरीत वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. सामलकोटची बाग आणि बंगळूरचे लालबाग दोन्ही त्याच्या देखरेखीखाली होती. त्याने पानफुटीचे पान चाखून पाहिले. तेवढ्यावर न थांबता दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चाखले. सकाळी पान चुक्याच्या भाजीइतके किंवा त्याहूनही आंबट लागले. दुपारपर्यंत आंबटपणा जाऊन ते बेचव झाले आणि संध्याकाळकडे किंचित कडू. लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लँबर्ट यांना त्याने हे पत्राने कळवले, आणि १८१५ मध्ये ते सोसायटीच्या अंकात छापून आले. तराजू नाही, रसायन नाही. केवळ जीभ आणि घड्याळ यांच्या भरवशावर केलेली ही नोंद वनस्पतिशास्त्रात आजही आदराने सांगितली जाते. भारतात झालेल्या इतक्या साध्या आणि इतक्या मोठ्या निरीक्षणाला आपल्याकडे क्वचितच कुणी ओळखते, याची खंत वाटते.

हाइनच्या जिभेला जे कळले त्याचा पुरता उलगडा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. पानफुटी आणि तिचे भाऊबंद हा व्यवहार रात्री उरकतात. गारव्यात रंध्रे उघडतात, आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो आणि पहाटेपर्यंत पान आंबट होते. हेच आम्ल कच्च्या सफरचंदात असते. दिवस वर आला की दारे बंद. साठवलेल्या आम्लातला वायू सुटा होतो आणि उन्हाच्या बळावर त्याची साखर बनते. दुपारी पान बेचव लागते ते यामुळे.

घरात पानफुटी सांभाळण्याची सगळी रीत या रात्रपाळीतून निघते. जे झाड पाणी इतके जपून वापरते, त्याला रोज तांब्याभर पाणी म्हणजे शिक्षाच. माती दोन पेरे खोलवर कोरडी लागली की मगच पाणी घालावे. हिवाळ्यात तर पंधरवडाभर नाही घातले तरी चालते. कुंडीच्या तळाला भोक हवे, मातीत वाळू किंवा विटांचा चुरा हवा. सकाळचे ऊन मिळणारी खिडकी सर्वांत चांगली. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून आत सरकवावी, नाहीतर खोड बुडाशी मऊ पडून कुजते. पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण दिसले तर ओल्या फडक्याने पुसून काढावेत. रोप लांबट, किडमिडे होऊ लागले तर ऊन कमी पडते आहे असे समजावे आणि शेंडा खुडावा.

युरोपात या झाडाला सर्वांत मोठा चाहता मिळाला तो वायमारमध्ये. मराठी वाचकाला जर्मन कवी गटे माहीत असतो तो शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचल्याच्या आख्यायिकेमुळे. याच गटेने १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावर एक निबंध लिहिला होता. झाडाचे पाकळी, पुंकेसर वगैरे अवयव म्हणजे एकाच मूळ पानाची बदललेली रूपे, हा त्याचा गाभा. उतारवयात त्याच्या हाती पानफुटी आली, आणि जे तो तर्काने मांडत होता ते जणू एका पानाने त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवले. त्याने ती घरात कुंड्यांतून वाढवली, पिढ्यामागून पिढ्या काढल्या आणि स्नेह्यांना पाने वाटली. १८२६ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याने फ्रँकफर्टच्या मारियाने फोन विलेमर हिला कवितेसोबत पानफुटीची पाने धाडली. जर्मनीत आजही या झाडाला त्याचे नाव जोडून ओळखतात. दोन शतकांपूर्वी वायमारमध्ये जे चालले होते तेच आज चिपळुणात किंवा डोंबिवलीत चालते: पान मागायचे, पान द्यायचे.

पान तोडल्यावर नेमके काय होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. जाडसर पानाच्या कडेला जांभळट रेघ असते आणि गोलसर दातांच्या मधे खाचा. पान ओलसर मातीवर ठेवले की काही दिवसांत खाचेतून केसासारखी पांढरी मुळे उतरतात, मग तिळाएवढी दोन पाने समोरासमोर उघडतात. जुने पान सुरकुतत जाते. त्यातले पाणी आणि अन्न पिल्लांकडे वळते. झाडावर असलेले धडधाकट पान मात्र सहसा असे करत नाही. असे का, या प्रश्नाने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या जाक लोब या शास्त्रज्ञाला झपाटले. पाने दमट हवेत टांगून, टोके पाण्यात बुडवून, फुटवे आणि मुळे तोलून त्याने पाहिले, तर फुटव्यांचे वजन पानाच्या वजनाच्या प्रमाणात भरत होते. पानात तयार झालेले अन्न एरवी खोडाकडे जाते. वाट तुटली की ते खाचांमधल्या कळ्यांना मिळते, असा अर्थ त्याने लावला. १९२४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले, त्याच वर्षी तो वारला.

महाराष्ट्रात पानफुटी पाठ्यपुस्तकात गेली. शाकीय प्रजनन म्हटले की तिचेच उदाहरण, आणि वहीत पान ठेवून मुळे फुटण्याची वाट पाहणारी मुले पिढ्यानपिढ्या होतीच. ती घरगुती औषधांतही शिरली. मुतखड्यावर तिचे पान खाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तिला ‘पाषाणभेद’ म्हणून जुन्या ग्रंथांचा आधार दाखवला जातो. पण ते नाव अनेक वेगवेगळ्या वनस्पतींना लावले गेले आहे, आणि मादागास्करहून इतक्या उशिरा आलेले झाड चरकाला अभिप्रेत असणे अवघड. शिवाय तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात तिच्या वंशातली झाडे खाऊन गुरे दगावली आहेत. गोठ्याजवळ आणि पाने चघळणाऱ्या मांजराजवळ ती ठेवू नये, आणि औषध म्हणून घ्यायची तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पानफुटीच्याच कॅलॅन्को वंशातली तिची एक सख्खी नातलग मात्र खरोखर इथली आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सूची लिहिताना एका रानटी जातीला पुण्याच्या भिडे या अभ्यासकाचे नाव दिले: कॅलॅन्को भिडेई. आणि हिवाळ्यात नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांच्या गुच्छांचे जे ‘कॅलॅन्को’ कुंडीसह विकले जाते, तेही मादागास्करचेच; १९३०च्या दशकात पॉट्सडॅमच्या ब्लॉसफेल्ड यांनी ते बाजारात आणले. त्याला फुलायला लांब रात्री लागतात, म्हणून बागायतदार संध्याकाळी लवकर काळे कापड पांघरून दिवस छोटा करतात. पानफुटीसाठी असा खटाटोप कुणी करत नाही. थंडी सरता सरता तिचा दांडा आपसूक वर येतो, फुगीर कंदिलांसारखी फुले खाली लोंबतात आणि शिंजीर त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागतात.