प्रदर्शन-सूचींची ग्रंथालयांतील नोंद

हस्तलिखितांची नोंद कशी करावी याविषयीं आपल्याकडे पुष्कळ विचार झालेला आहे. ऑफ्रेक्टनें सन १८९१ ते १९०३ या काळांत तीन भागांत प्रसिद्ध केलेली ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’, म्हणजे सूचींचीच सूचि, आणि प्रा. ह. दा. वेलणकर यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेंतील पोथ्यांची केलेली वर्णनात्मक सूचि हीं कामें या त्रैमासिकाच्या वाचकांस नवीं नाहींत. छापील मराठी पुस्तकांपुरतें तेंच कार्य शंकर गणेश दाते यांनीं केलें. सन १८०० ते १९३७ या काळाची त्यांची ‘मराठी ग्रंथसूचि’ १९४३ सालीं बाहेर पडली. परंतु चित्रांचीं व कलावस्तूंचीं प्रदर्शनें भरतात तेव्हां जीं सूचिपत्रें छापलीं जातात, त्यांची ग्रंथालयांत काय वाट लागते इकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. तीं छापील असल्यामुळें पोथीशाळेचा अधिकारी त्यांस हात लावीत नाहीं, आणि चोपड्याच्या आकाराचीं असल्यामुळें ग्रंथपाल त्यांस पुस्तक समजत नाहीं. या सूचिपत्रांस येथें ‘प्रदर्शन-सूचि’ म्हटलें आहे. प्रतिपाद्य एवढेंच कीं, प्रदर्शन-सूचीची नोंद केवळ पुस्तक म्हणून करून भागत नाहीं. ती घडलेल्या एका प्रसंगाचा दस्तऐवज म्हणून झाली पाहिजे.

प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य तेरखेड्यास असतें. सोलापूर-धुळें हमरस्त्यावरील हें गांव शोभेच्या दारूच्या कारखान्यांसाठीं सर्वत्र ठाऊक आहे, कलासंग्रहासाठीं नव्हे. परंतु धाराशिव जिल्ह्यांतच तेर आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर पेरिप्लसकारानें सांगितलेलें तगर तें हेंच, हें फ्लीटनें सन १९०१ त दाखवून दिलें. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं वेंचून वेंचून जमविलेल्या वस्तूंतून आजचें शासकीय संग्रहालय उभें राहिलें. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाँपेई येथें सांपडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. १९५८ सालीं चापेकरांनीं तेथें उत्खनन केलें, आणि १९६० सालीं डग्लस बॅरेट यांचें ‘तेर’ हें छोटेखानी पुस्तक मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटनें काढलें. आतां अशा ठिकाणची एखादी वस्तु कोणकोणत्या प्रदर्शनांत मांडली गेली, हें कोणी शोधूं लागला तर त्यानें ग्रंथालयाच्या तक्त्यांत कोणतें नांव पाहावें? तेर, तगर, कीं जुन्या इंग्रजी नकाशांतलें थैर? जिल्ह्याच्या नांवाखालीं पाहावें म्हटलें तर निजामशाहींत धाराशिवचें उस्मानाबाद झालें, आणि २०२३ सालीं जिल्ह्यास पुन्हा धाराशिव हें नांव मिळालें. एका नांवावरून दुसऱ्याकडे बोट दाखविणारी नोंद नसेल तर वस्तु एकच असून तिचा इतिहास चार कप्प्यांत वांटला जातो. अकारविल्हे लाविलेल्या कार्डांत तेर, तेरखेडा आणि तेरणा हीं एकमेकांस चिकटून बसतात, तगर मात्र दूर राहतें, हीहि एक गंमतच.

स्थळनामाची अडचण त्यांतल्या त्यांत सोपी. कर्त्याच्या नांवाची अडचण खरी बिकट आहे, आणि ती पहिल्या मोठ्या प्रदर्शनांपासूनची आहे. सन १८५१ त लंडनास भरलेल्या महाप्रदर्शनाची सूचि अनेक जाड भागांची होती, आणि तिच्यांत हिंदुस्थानच्या वस्तूंस वेगळें स्थान होतें. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठीं मुंबई इलाख्यांत ज्या वस्तु गोळा झाल्या, त्या निमित्तानेंच मुंबईच्या मध्यवर्ती संग्रहालयाचा पाया पडला. आज तें भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें आहे. या संग्रहालयाशीं निकट संबंध असलेले जॉर्ज बर्डवुड यांनीं १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांतील हिंदी विभागासाठीं एक माहितीपुस्तक लिहिलें. तेंच वाढवून १८८० सालीं ‘इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या नांवानें निघालें. दुसरें पुस्तक बर्डवुड यांच्या नांवाखालीं सर्वत्र सांपडतें. पहिलें कोठें त्यांच्या नांवाखालीं, कोठें पॅरिसच्या नांवाखालीं, तर कोठें प्रदर्शनाच्या नांवाखालीं. मूळ मजकूर एका विशिष्ट मांडणीसमोर उभें राहून वाचण्यासाठीं लिहिला गेला होता, हें केवळ दुसरें पुस्तक हातीं घेणाऱ्यास कळत नाहीं.

जॉर्ज वॉट यांच्या ‘इंडियन आर्ट अ‍ॅट दिल्ली’ या ग्रंथाची गोष्ट याच्या उलट आहे. तो दिल्ली दरबाराच्या वेळीं, १९०२-०३ सालीं, भरलेल्या प्रदर्शनाची अधिकृत सूचि होय. परंतु त्याचा आकार, त्यांतील चित्रें आणि ग्रंथकाराचें नांव पाहून ग्रंथालयांनीं तो स्वतंत्र ग्रंथ म्हणून वॉट यांच्या नांवावर चढविला. परिणामीं प्रदर्शनाविषयीं शोध घेणाऱ्याच्या हातीं तो लागत नाहीं, आणि वॉटविषयीं शोध घेणाऱ्यास त्यांतील प्रत्येक वस्तु त्या हिंवाळ्यांत दिल्लीच्या मांडवांत होती याचें भान राहत नाहीं.

नियम करणाऱ्यांनीं या प्रश्नावर डोकें खाजविलें नाहीं असें नाहीं. पानित्सी यांनीं सन १८४१ त ब्रिटिश म्यूझियमसाठीं जे ९१ नियम घातले, त्यांत विद्वत्संस्थांचीं प्रकाशनें ‘अ‍ॅकॅडमीज’ या एकाच मथळ्याखालीं देश व शहर यांच्या क्रमानें घालावयाचीं होतीं. कटरनें १८७६ त सांगितलें कीं, संस्था आपल्या नांवानें जें छापते त्याची कर्ती तीच मानावी. पुष्कळ दिवस कटरचें मत चाललें. नंतर १९७८ च्या सुधारलेल्या आंग्ल-अमेरिकन नियमांनीं संस्थेचें कर्तृत्व आंखूड केलें: संग्रहालयानें स्वतःच्या मालकीच्या वस्तूंची यादी काढली तर ती संग्रहालयाच्या नांवें जावी, प्रदर्शनास निश्चित नांव असून सूचि त्या प्रसंगांतूनच निघाली असेल तर प्रदर्शनच कर्त्याच्या जागीं बसावें, एकाच चित्रकाराच्या चित्रांच्या प्रतिकृति असतील तर बहुधा चित्रकार कर्ता धरावा. नियम म्हणून हें सुसंगत आहे. व्यवहारांत मात्र एकाच दालनांत, एकाच मोसमांत भरलेल्या तीन प्रदर्शनांच्या सूची तीन निराळ्या नांवांखालीं जाऊन पडतात. ड्यूईच्या दशांश पद्धतीनें कप्पा ठरवावयाचा म्हटलें तरी तेंच. ७०७.४, ७०८, ७०९.५४ आणि ७५९.९५४ या चारहि ठिकाणीं अशा सूची सांपडूं शकतात, आणि कोणत्याहि ग्रंथपालास चूक म्हणतां येत नाहीं.

या सगळ्याचें मोल काय, हें मुंबईच्या उदाहरणावरून पाहावें. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं स्थापन झाली. महाराष्ट्रांतील आधुनिक चित्रकलेचा पहिल्या साठ वर्षांचा इतिहास लिहावयाचा तर तिच्या वार्षिक प्रदर्शनांना वगळून तो लिहितां येत नाहीं. १८९५ सालीं म. वि. धुरंधर यांना तिचें सुवर्णपदक मिळालें, १८९६ सालीं गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’नें नांव मिळविलें, १९३७ सालीं अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्रास सुवर्णपदक लाभलें. हीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, कारण त्यांच्याविषयीं पुढें पुष्कळ लिहिलें गेलें. धुरंधरांनीं तर ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें स्वतःचें आठवणींचें पुस्तकच १९४० सालीं दिलें. परंतु ज्यांनीं एखाद-दुसऱ्या वर्षीं एक-दोन चित्रें पाठविलीं आणि जे पुढें कोठें शाळेंत चित्रकला शिकवूं लागले किंवा संसारांत गुंतून गेले, त्यांच्या अस्तित्वाचा लेखी पुरावा बहुधा सूचींतील त्या एका ओळीपलीकडे नसतो. क्रमांक, नांव, चित्राचा मथळा, तें तैलरंगांतलें कीं जलरंगांतलें, आणि किंमत. चित्र गेलें, चित्रकार गेला, घर विकलें गेलें, ओळ राहिली. ती ओळ ज्या चोपड्यांत आहे तें चोपडें ग्रंथालयाच्या तक्त्यावर ‘वार्षिक प्रदर्शनाचीं सूचिपत्रें, कांहीं अंक’ एवढ्या एका नोंदीखालीं दडून राहतें. एवढी नोंद झाली तरी पुष्कळ. अनेकदां तीहि होत नाहीं.

पोथीचे संग्राहक येथें एक गोष्ट चटकन ओळखतील. पोथीस पुष्पिका असते. तींत लेखकाचें नांव, स्थळ, शक, तिथि मिळते. प्रदर्शन-सूचीस पुष्पिका नसते. तिचें काम वेष्टनाचा कागद करतो. प्रदर्शन कोणत्या दिवशीं उघडलें, केव्हां मिटलें, कोणत्या दिवाणखान्यांत होतें, तिकिट किती होतें, ही माहिती वेष्टनावर असते आणि आंतल्या पानावर पुष्कळदां नसते. पांच-सात वर्षांचीं चोपडीं एकत्र बांधतांना जिल्दगर पहिल्यांदां वेष्टनें काढून टाकतो आणि मागच्या जाहिराती फाडतो. पुठ्ठा सुबक होतो. काळ-स्थळ नाहींसें होतें. पोथीची पुष्पिका कापून तिला रेशमी दोरा बांधणाऱ्यास आपण काय म्हणूं, हें सांगावयास नको.

सूचीवर विश्वास किती ठेवावा हाहि विचार नोंद करणाऱ्यानें सोडतां कामा नये. ती बहुधा प्रदर्शन उघडण्यापूर्वीं छापून तयार असते. म्हणून कोणास पदक मिळालें तें तिच्यांत नसतें. तें त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत वा संस्थेच्या अहवालांत पाहावें लागतें. उशिरा आलेलें चित्र तिच्यांत नसतें, आणि छापून झाल्यावर परत नेलेलें चित्र असतें. चित्र कधीं काढलें हें तिच्यावरून ठरत नाहीं, या तारखेपूर्वीं तें काढून झालें होतें एवढेंच ठरतें. शेरगिल यांचें वर सांगितलेलें चित्र १९३५ चें, प्रदर्शन १९३७ चें. हा भेद नोंदींत नसल्यास पुढचा लेखक एकच साल दोन्हीकडे लावून मोकळा होतो.

प्रदर्शनाचें साल आणि छपाईचें साल यांचा घोटाळा याहून मोठा होऊं शकतो. लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमींत १९४७-४८ च्या हिंवाळ्यांत हिंदुस्थान व पाकिस्तान यांच्या कलेचें प्रचंड प्रदर्शन भरलें. पाहणाऱ्यांसाठीं त्या वेळीं एक साधी सूचि होती. आणि ली अ‍ॅश्टन यांनीं संपादिलेला सचित्र स्मारक-ग्रंथ निघाला तो १९५० सालीं. तेथून परतलेल्या वस्तूंचें प्रदर्शन दिल्लीच्या राजभवनांत मांडलें गेलें, आणि त्यांतूनच १५ ऑगस्ट १९४९ रोजीं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालें. म्हणजे एका संग्रहालयाचा जन्म ज्या प्रसंगांतून झाला, त्याचे लंडन व दिल्ली येथील छापील साक्षीदार वेगवेगळ्या वर्षांचे व वेगवेगळ्या कर्त्यांच्या नांवांचे आहेत. एकाच्या नोंदींत दुसऱ्याचा उल्लेख करणें हें कांहीं ग्रंथपालाचें औदार्य नव्हे, कर्तव्य आहे.

त्याच १९४९ सालच्या जुलैंत मुंबईस प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचें प्रदर्शन झालें. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे त्यांतले सहा जण. त्या प्रदर्शनाच्या सूचीस सूझा यांनीं प्रस्तावना जोडली होती. त्या वेळीं ती कोणी जपून ठेवण्याजोगी मानली असेल असें वाटत नाहीं. आज हिंदी चित्रकलेवर लिहिणारा प्रत्येक जण तिच्यांतील मजकुराचा हवाला देतो. हिच्या नोंदींत कर्ता कोण? प्रस्तावना लिहिणारा, सहा जणांचा गट, कीं प्रदर्शन? आमच्या मतें मथळा प्रदर्शनाचा असावा, आणि उरलेल्या सर्व नांवांस स्वतंत्र जोडनोंदी असाव्यात. कार्डें अधिक लागतील ही तक्रार आतां संगणकाच्या काळांत टिकत नाहीं.

सन १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यांत ‘पुस्तक’ या शब्दांत चोपड्याचाहि समावेश होता. तेव्हां कायद्यानें ह्या सूची पुस्तकेंच आहेत. परंतु प्रत जमा होणें निराळें आणि तिचें वर्णन होणें निराळें. वर्णन करतांना पोथीचाच कित्ता पुढें ठेवावा. पानें किती, वेष्टन आहे कीं नाहीं, नोंदलेल्या वस्तु किती, चित्रकार किती व त्यांत स्त्रिया किती, किंमती छापल्या आहेत काय, प्रतिकृति कोणत्या, हें तर लिहावेंच. शिवाय ती विशिष्ट प्रत कोणाच्या हातची आहे तेंहि पाहावें. दोन प्रती छापील म्हणून एकसारख्या समजणें ही मोठी चूक होय. एखाद्या प्रतींत कोणी शिसपेनीनें विकल्या गेलेल्या चित्रांपुढें खूण केलेली असते, कोणी छापील किंमत खोडून दुसरी घातलेली असते, कोणी समासांत घेणाऱ्याचें नांव टिपलेलें असतें. अशी प्रत म्हणजे छापील पानावरचें हस्तलिखितच. दुबार प्रत म्हणून ती रद्दींत काढण्यापूर्वीं दोन्ही प्रती शेजारीं ठेवून पानोपान ताडून पाहाव्या.

ज्या संग्राहकांच्या घरीं, विशेषतः जिल्ह्याच्या गांवीं, जुन्या चित्रप्रदर्शनांचीं अशीं चोपडीं असतील त्यांनीं तीं बांधून न घेतां वेष्टनासह सपाट ठेवावीं, आणि वेष्टनावरील मजकूर अक्षरशः उतरून, समासांतील खुणांच्या उल्लेखासह, आपल्या जवळच्या ग्रंथालयास कळवावा. मूळ चोपडें देण्याची गरज नाहीं. उतारा आणि पानांची मोजदाद पुरे.