मिन लिला सिस्तर

स्वीडिश चित्रपट (२०१५). लेखन व दिग्दर्शन : सान्ना लेंकेन. स्वीडन आणि जर्मनी यांची सहनिर्मिती असलेला हा सुमारे दीड तासाचा चित्रपट परदेशात ‘माय स्किनी सिस्टर’ या नावाने ओळखला जातो. लेंकेन (जन्म १९७८) यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. त्याआधीच्या ‘एता लुन्च’ (२०१३) या लघुपटात त्यांनी खाण्याच्या विकारावर उपचार घेणारी काही तरुण मुले एका टेबलाभोवती बसवली होती. समोरचे जेवण ठरलेल्या वेळात संपवायचे, एवढाच त्यातला प्रसंग. किशोरवयात लेंकेन स्वतः ॲनोरेक्सिया या खाण्याच्या विकारातून गेल्या आहेत.

या चित्रपटाचा विषयही हाच विकार. कथेच्या मध्यभागी मात्र आजारी मुलगी नाही, तिची धाकटी बहीण आहे. स्टेला अंगाने गुटगुटीत, लालसर केसांची, नुकती वयात येऊ लागलेली. थोरली कात्या फिगर स्केटिंगमध्ये तरबेज. घरातले सगळे कौतुक तिच्या वाट्याला. स्टेलाही बर्फावर उतरून पाहते, आणि कात्याचा प्रशिक्षक याकोब याच्यावर तिचा जीव जडतो. वहीत ती त्याच्यासाठी कविता लिहिते. कात्या खात नाही, खाल्लेले ओकून टाकते, हे आईवडिलांच्या आधी स्टेलाच्या ध्यानात येते. ‘घरी सांगितलंस तर त्या कविता याकोबला दाखवीन’ अशी धमकी कात्या देते, आणि स्टेलाचे तोंड बंद होते.

इथून पुढे चित्रपट आजारापेक्षा त्या गुपिताच्या ओझ्याचा होतो, आणि हेच त्याचे बळ. वैद्यकीय माहिती, आकडे, समुपदेशकाची भाषणे यांना त्यात जवळजवळ थारा नाही. जे स्टेलाला दिसते तेवढेच प्रेक्षकाला दिसते. हेवा, माया, राग आणि बहिणीला गमावण्याची भीती तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी उमटतात. आईवडील वाईट नाहीत. कामात बुडालेले आहेत आणि गुणी मुलीची काळजी करायची गरज नाही असे गृहीत धरून चालले आहेत. अखेर गुपित फुटते तेव्हा त्यांची जी तारांबळ उडते, ती पाहताना त्यांचा राग येतो आणि कीवही येते. विषयपट म्हणून शाळाशाळांतून दाखवण्यापुरता हा चित्रपट उरला नाही, तो या तटस्थपणामुळे.

स्टेलाची भूमिका रेबेका युसेफसन हिने केली. इंगमार बर्गमन यांच्या ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’मधले नट एर्लांड युसेफसन हे तिचे आजोबा. पण वारशाचा दाखला देण्याची गरज पडू नये इतके तिचे काम सहज आहे. कात्या झालेली एमी देआसिसमोंत ही लहानपणी ‘एमी डायमंड’ या नावाने पॉप गायिका म्हणून स्वीडनमध्ये गाजलेली. आईवडिलांच्या भूमिकांत आनिका हालिन व हेन्रिक नोर्लेन, तर प्रशिक्षक जर्मन नट माक्सिम मेहमेत. छायाचित्रण मोरित्स शुल्थाइस यांचे.

२०१५च्या बर्लिन महोत्सवात मुलांसाठीच्या ‘जनरेशन केप्लस’ विभागात या चित्रपटाला ‘क्रिस्टल बेअर’ मिळाले. हा पुरस्कार मुलांचेच परीक्षक मंडळ देते, त्यामुळे स्टेलाच्या वयाच्या प्रेक्षकांनी दिलेली ही पावती विशेष महत्त्वाची ठरते. आईच्या मृत्यूनंतर विनोदी कलाकार होऊ पाहणाऱ्या मुलीवरील लेंकेन यांच्या ‘कॉमेडी क्वीन’ने २०२२मध्ये याच विभागात हाच पुरस्कार पुन्हा मिळवला.