मुठेल: कोरड्या त्वचेवरचा कोकणी उपाय

रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल वाळवून आमसूल होते आणि बियांतून तेल निघते. वाळलेल्या बिया कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारे तेल काढून घेतात. थंड झाल्यावर ते घट्ट होते. मग मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. कोकणात थंडीत फुटलेल्या ओठांवर, गालांवर आणि टाचांवर ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. विल्यम डायमॉक आणि त्यांच्या सहलेखकांच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथाच्या 1890 च्या पहिल्या खंडातही कोकमाच्या या तेलाची नोंद आहे.

कामधंद्यासाठी मुंबईत आलेल्या आणि पुढे बोरीवलीसारख्या उपनगरांत स्थिरावलेल्या कोकणी कुटुंबांबरोबर मुठेलही आले.

कोरड्या त्वचेत तेलाची उणीव असते, निर्जलित त्वचेत पाण्याची. मुठेलात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक आम्ले असतात. मुठेल पाणी पुरवत नाही, पण त्यामुळे त्वचेत असलेले पाणी उडून जाणे मंदावते. म्हणून चेहरा धुतल्यावर तो किंचित ओलसर असतानाच, तळहातावर वितळवून, मुठेलाचा पातळ थर लावणे हितावह ठरते.